मौन, प्रार्थना आणि साधी गाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एकदा आम्ही पंधरा-वीस जण संध्याकाळी तासाभरासाठी जमतो. काही छोटी गाणी पुन्हा पुन्हा गातो, शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा ऐकतो आणि बराच वेळ गप्प बसतो. नवीन कुणी आलं की निघताना दारापाशी थांबून प्रश्न विचारतं, आणि ते प्रश्न बहुतेक तेच असतात. घाईत दिलेली उत्तरं मला स्वतःलाच अपुरी वाटायची, म्हणून इथे सवडीने लिहिते आहे.

नेहमीच्या उपासनेपेक्षा हे वेगळं कसं?

इथे पुढे उभं राहून कुणी उपासना चालवत नाही. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, क्रूसाकडे असतात. गाणं उचलणारा आणि शास्त्रपाठ वाचणारा हेही सगळ्यांमध्येच बसलेले असतात. "आता आपण अमुक क्रमांकाचं गीत गाऊ या" अशा सूचना नाहीत, जाहिराती नाहीत, प्रवचनही नाही. क्रम एका कागदावर असतो, आणि दोनदा येऊन गेल्यावर त्याचीही गरज पडत नाही.

क्रम साधारण कसा असतो?

सुरुवातीला दोन गाणी. तेवढ्या वेळात माणसं येतात, जागा धरतात, श्वास खाली बसतो. मग एक स्तोत्र: एक जण दोन-दोन ओळी म्हणतो आणि मध्ये सगळे "आल्लेलुया" गातात. नंतर शास्त्रपाठ, छोटा आणि ऐकताक्षणी समजेल असा. पुन्हा एक गाणं, आणि त्यातूनच मौन. मौनानंतर मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या प्रार्थना, प्रत्येकीला "कीर्ये एलेइसोन", म्हणजे "प्रभू, दया कर" असा गाऊन प्रतिसाद. मग प्रभूची प्रार्थना आणि शेवटची गाणी.

या सगळ्याचा मध्य मौन आहे. आधीची गाणी आपल्याला तिथपर्यंत नेऊन पोचवतात आणि नंतरची गाणी तिथून हळूच बाहेर आणतात. हे एकदा लक्षात आलं की बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

ही पद्धत आली कुठून?

मौन आणि एका वचनाची आवर्तनं चर्चमध्ये फार जुनी आहेत. आज जगभर ज्या रूपात ती ओळखली जातात ते रूप मात्र फ्रान्समधल्या बरगंडी भागातल्या तेझे नावाच्या लहानशा खेड्यातून आलं.

२० ऑगस्ट १९४० रोजी रोजे शुत्झ नावाचा पंचवीस वर्षांचा स्विस तरुण तिथे पोचला. युद्ध पेटलं होतं, फ्रान्सचे दोन तुकडे झाले होते, आणि तेझे त्या सीमारेषेपासून जवळ होतं. तिथल्या एका वृद्ध बाईने त्याला सांगितलं की इथेच राहा, आम्ही फार एकटे आहोत. ही आठवण ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. त्यांनी घर विकत घेतलं आणि बहीण जेनेव्हिएव्ह हिच्यासह निर्वासितांना आसरा दिला. त्यांत ज्यूही होते. १९४२ मध्ये धोका इतका वाढला की त्यांना ते घर सोडावं लागलं. १९४४ मध्ये ते परत आले, या वेळी काही सोबत्यांसह. १९४९ च्या ईस्टरला सात जणांनी ब्रह्मचर्य, सामायिक जीवन आणि साधेपणा यांची आजन्म शपथ घेतली. हेच तेझेचे पहिले 'बंधू'.

मला या गोष्टीत सर्वांत जास्त भिडतं ते हे: घरात लपलेल्यांमध्ये ज्यू होते, धर्म न मानणारेही होते. आपल्या प्रार्थनेचं त्यांच्यावर दडपण येऊ नये म्हणून रोजे एकटेच रानात जाऊन गात असत. लादायचं नाही, ओढायचं नाही, हा या उपासनेचा स्वभाव गाणी रचली जाण्याच्या खूप आधी ठरून गेला होता.

पुढे तरुणांची रीघ लागली. ६ ऑगस्ट १९६२ रोजी 'समेटाचं मंदिर' खुलं झालं. ते बांधायला जर्मन तरुण आले होते, आपल्या देशाने युद्धात केलेल्या अपराधांचं प्रायश्चित्त म्हणून. १९७१ च्या ईस्टरला इतकी माणसं येणार होती की बंधूंनी या नव्या चर्चची दर्शनी भिंतच पाडली आणि पुढे तंबू जोडला.

गाणी इतकी छोटी का? एकच ओळ पुन्हा पुन्हा का?

याचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. सुरुवातीला बंधू फ्रेंचमध्ये स्तोत्रं गात, चांगल्या तयारीने, अनेक आवाजांत. पण विसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकात पंधरा-वीस भाषा बोलणारे तरुण येऊन बसू लागले आणि ते नुसते ऐकत राहिले. त्यांना गाता यावं यासाठी बंधू रोबेर यांनी पॅरिसचे ऑर्गनवादक जाक बर्तिए यांना साकडं घातलं. १९७५ च्या सुमारास बर्तिए यांनी अशा चाली रचायला घेतल्या ज्या कुणालाही दोन मिनिटांत उचलता येतील, आणि तरी शंभरदा गायल्यावरही विटणार नाहीत. हे दुसरं काम फार अवघड असतं. त्यांच्या चाली वरून सोप्या दिसतात, पण चार आवाज एकमेकांत कसे गुंफलेत ते अल्टो किंवा टेनर, म्हणजे मधल्या पट्टीतले आवाज, गाणाऱ्याला विचारा. बर्तिए १९९४ मध्ये वारले, तोपर्यंत त्यांची गाणी सगळ्या खंडांत पोचली होती.

पण व्यवहारातून निघालेली वाट खोल गेली. पहिल्या दोन-तीन वेळा आपण शब्द वाचत असतो. चार-पाच वेळा चाल सांभाळत असतो. त्यानंतर कागद मांडीवर पडतो, डोळे मिटतात, आणि ती ओळ आपण म्हणायची राहत नाही, ती आपल्यातून चालू राहते. क्रूसावर येशूशेजारी टांगलेल्या गुन्हेगाराची विनवणी आम्ही नेहमी गातो, "माझी आठवण ठेव" या अर्थाची. आमच्याकडे येणाऱ्या एका बाईंनी मला सांगितलं, की शस्त्रक्रियेला आत नेताना त्यांना दुसरी कुठलीच प्रार्थना सुचली नाही, फक्त ती ओळ आतून आली. लांबलचक गीतं मलाही प्रिय आहेत, पण अशा घडीला माणसाच्या हाताशी जे उरतं ते एका ओळीएवढंच असतं.

येशूनेच तर सांगितलं होतं ना, "व्यर्थ बडबड करू नका"?

हो, मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात. हा प्रश्न मी गांभीर्याने घेते, कारण विचारणारे बायबल नीट वाचणारे असतात.

त्याच वाक्याचा पुढचा भाग पाहा. फार बोललं म्हणजे आपलं म्हणणं मान्य होईल, या समजुतीला येशू हरकत घेतो. म्हणजे देवाला शब्दांच्या राशीने नमवण्याला. पुनरुक्तीलाच त्याचा विरोध असता तर गेथशेमाने बागेत त्याने स्वतः तेच शब्द तिसऱ्यांदा उच्चारून प्रार्थना केली नसती (मत्तय २६:४४). स्तोत्र १३६ मध्ये २६ ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवी "त्याची दया सनातन आहे" याच पालुपदावर येते. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, देवाच्या सिंहासनाभोवतीचे प्राणी रात्रंदिवस "पवित्र, पवित्र, पवित्र" म्हणायचं थांबत नाहीत.

इतिहासही याच बाजूने बोलतो. इजिप्तच्या वाळवंटात राहणारे सुरुवातीच्या शतकांतले संन्यासी एकच वचन दिवसभर घोळवत. त्यांच्याकडून शिकून आलेल्या जॉन कॅसियनने स्तोत्र ७० ची पहिली ओळ, देवा मला सोडवायला ये, लवकर ये, ही सुखात, दुःखात, मोहात, झोपताना, उठताना म्हणायला सांगितली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत येशूची प्रार्थना आहे: "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." तिच्यातली दयेची याचना येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या जकातदाराची आहे, आणि तो जकातदार थोडक्यात बोलला म्हणूनच आपल्याला आठवतो.

धोका मात्र खरा आहे. तोंडाने ओळ चालू आणि मन घरच्या कामात, असं होतंच. पण ते लांब प्रार्थनेतही होतं.

लॅटिनमध्ये का गाता?

लॅटिन आता कुणाचीच घरची भाषा नाही, त्यामुळे त्यात कुणीच यजमान नसतं आणि कुणीच पाहुणं नसतं. तेझेमध्ये हा विचार होता. एकाच भाषेच्या मंडळीत याची सक्ती मुळीच नको. आम्ही एखादं गाणं लॅटिनमध्ये घेतो, अर्थ खाली छापतो, आणि शास्त्रपाठ व प्रार्थना मात्र आपल्या भाषेतच. कळत नसलेलं वचन मौनात घेऊन काय बसायचं?

मौनात नेमकं करायचं काय?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

मी काय करते ते सांगते. शास्त्रपाठातला एखादा शब्द अडकलेला असतो, तो धरते. त्याचा अर्थ काढत बसत नाही. तो शब्द आणि मी, दोघं देवासमोर ठेवलेलो. कधी कुणाचं तरी नाव मनात येतं, तर ते नावही तिथेच ठेवते. कधी काहीच येत नाही. तेव्हा नुसती बसते, जसं आजारी माणसाच्या उशाशी बसतात किंवा जिवलग माणसाशेजारी प्रवासात बसतात. आविलाची तेरेसा (१५१५–१५८२) हिने प्रार्थनेचं वर्णन मैत्री असं केलं आहे, आपल्यावर प्रेम करतो हे ठाऊक असलेल्याबरोबर एकांतात वारंवार घालवलेला वेळ. मैत्रीत दर क्षणी बोलावं लागत नाही.

एलीया संदेष्टा होरेब डोंगरावर उभा होता तेव्हा वारा, भूकंप, अग्नी सगळं येऊन गेलं आणि परमेश्वर त्यांत नव्हता. नंतर आली ती शांत, मंद वाणी. मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ सूक्ष्म शांततेचा आवाज असाही लावतात. शांततेला आवाज असतो हे वाचून पूर्वी मला कोडं वाटायचं. पंधरा-वीस माणसांच्या एकत्र मौनात बसल्यावर ते कोडं राहत नाही. एकट्याच्या खोलीतली शांतता आणि ही शांतता वेगळी आहे.

स्तोत्र १३१ मध्ये दूध तुटलेलं मूल आईजवळ आहे. त्याला आता आईकडून दूध नको असतं, तरी ते तिच्याजवळच असतं. मला मौनाचं याहून चांगलं चित्र माहीत नाही.

पण मन एक क्षणही स्थिर राहत नाही.

राहणारही नाही. भरकटल्याचं लक्षात आलं की त्या एका शब्दाकडे परत यायचं, स्वतःला न रागावता. दहा मिनिटांत वीसदा परतलात तर वीसदा देवाकडे वळलात. ही मनाला समजावण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाही. ते परत वळणं हीच त्या वेळची प्रार्थना आहे, असं माझं ठाम मत आहे.

मौन किती वेळ असतं?

आठ ते दहा मिनिटं. नवीन गट असेल तर पाच. एकच सलग मौन ठेवावं, तुकडे करू नयेत, कारण पहिली दोन-तीन मिनिटं खोकण्यात आणि बसणं बदलण्यातच जातात. किती वेळ आहे ते आधी सांगावं, नाहीतर माणसं "कुणीतरी काहीतरी विसरलं का?" या काळजीत पडतात. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींत सतराव्या शतकापासून तासभर मौनाच्या सभा होत आल्या आहेत, तेव्हा दहा मिनिटं फार नाहीत.

ही ध्यानधारणाच ना?

बाहेरून सारखी दिसते: ताठ बसणं, मंद उजेड, शांत श्वास. पण मन रिकामं करणं हा इथला हेतू नाही. आपण कुणासमोर तरी बसलेलो असतो, आणि ते कुणीतरी आपल्याला नावाने ओळखतं अशी आपली श्रद्धा असते. ताण हलका होतो, झोप चांगली लागते, असं लोक सांगतात आणि मला त्याचा आनंद होतो. तरी त्यासाठी ही उपासना नाही. ज्या दिवशी अजिबात हलकं वाटलं नाही त्या दिवशीही ती पूर्ण झालेली असते.

प्रवचन का नाही?

वचनाला थोडं एकटं सोडण्यासाठी. प्रवचनाला रविवार आहेच.

मला गाता येत नाही. येऊ का?

या. सूर नसलेला माणूस इथे लपून जातो असं मी म्हणणार नाही. तो सामावला जातो. ज्यांना अजिबात गायचं नाही ते नुसते ऐकतात आणि तेही प्रार्थनेतच असतात. उलट मला काळजी वाटते ती फार चांगलं गाणाऱ्यांची. मोठा, तयार आवाज एकटाच वर राहिला की बाकीचे गप्प होतात. अशा गायकांना मी शेजारच्याचा आवाज ऐकू येईल इतकंच मोठ्याने गा, असं सांगते. वाद्यंही तेवढीच: एखादी गिटार, बासरी, कीबोर्ड. काहीच नसलं तरी अडत नाही. ध्वनिक्षेपक शक्यतो नकोच.

हे कॅथलिक आहे की प्रॉटेस्टंट?

दोन्हींतली माणसं मनापासून करतात. तेझेचे पहिले बंधू प्रॉटेस्टंट होते, १९६९ पासून कॅथलिकही आले, आणि वेगवेगळ्या चर्चेसचे लोक एका छताखाली दिवसातून तीनदा प्रार्थना करतात. मतभेद मिटल्यावर एकत्र प्रार्थना करू, असं न म्हणता आधी प्रार्थनेला बसायचं. ज्या मंडळ्यांचे पाळक आणि धर्मगुरू एरवी कधी भेटत नाहीत त्यांना मी या मौनात शेजारी बसलेलं पाहिलं आहे. तिथे वाद घालायला जागाच नसते, आणि नंतर ते अंगणात बराच वेळ बोलत उभे होते.

मी ख्रिस्ती नाही, किंवा विश्वासाबद्दल साशंक आहे. चालेल?

चालेल. जे म्हणता येत नाही ते म्हणू नका. निघताना तुमचं नाव-पत्ता कुणी मागणार नाही.

मेणबत्त्या, चित्रं, जमिनीवर ठेवलेला क्रूस: हे मूर्तिपूजेकडे जात नाही का?

ज्यांच्या मंडळीत भिंती कोऱ्या असतात त्यांना हे खटकतं आणि ते खटकणं प्रामाणिक असतं. चित्र किंवा क्रूस हा नजरेला टेकू आहे. प्रार्थना त्याची होत नाही. ज्यांना नकोच वाटतं त्यांच्यासाठी उघडं बायबल आणि एक दिवा पुरतो.

शुक्रवारच्या क्रूसप्रार्थनेबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. तेझेमध्ये शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाचं चित्र जमिनीवर आडवं ठेवतात. गाणी चालू असताना ज्याला वाटेल तो जवळ जाऊन गुडघे टेकतो आणि कपाळ त्या लाकडावर टेकवतो. आपलं ओझं आणि दुसऱ्यांचंही ओझं तिथे ठेवायचं. शनिवारी संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात छोटी मेणबत्ती असते, एकाच्या ज्योतीवर दुसऱ्याची पेटत जाते आणि पुनरुत्थानाचं शुभवर्तमान वाचतात. म्हणजे दर आठवडा एक लहानसा ईस्टर असतो.

मौनात रडू आलं तर?

येऊ द्या. कुणी वळून पाहणार नाही. गडबडीत दाबून ठेवलेलं शांततेत वर येतं. तेझेमध्ये रात्रीच्या प्रार्थनेनंतर काही बंधू चर्चमध्येच थांबतात, ज्याला बोलायचं असेल त्याचं ऐकायला. प्रत्येक गटाने असा एखादा समंजस माणूस ठेवावा. पण एक स्पष्ट सांगते: ज्यांचं मन सध्या खूप खचलेलं आहे त्यांना लांब मौन कधीकधी जास्त त्रासाचं होतं. तसं झालं तर बाहेर जाऊन बसा, गाण्यांना परत या, आणि डॉक्टरांचे उपचार चालू असतील तर ते कोणत्याही प्रार्थनेच्या भरवशावर थांबवू नका.

ही शांतता जखमांपासून दूर कुठेतरी राहते, असंही नाही. १६ ऑगस्ट २००५ रोजी संध्याकाळच्या प्रार्थनेत, भर चर्चमध्ये, मानसिक तोल ढळलेल्या एका स्त्रीने नव्वद वर्षांच्या बंधू रोजे यांचा चाकूने खून केला. त्यांच्यानंतर धुरा घेतलेल्या बंधू आलोइस यांनी अंत्यविधीच्या वेळी त्या स्त्रीसाठी क्षमेची प्रार्थना केली, क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या शब्दांत. ज्यांच्या ओठांवर वर्षानुवर्षं तीच थोडी वचनं होती त्यांना त्या दिवशी दुसरे शब्द शोधावे लागले नाहीत.

लहान मुलांना आणावं का?

आणा, आणि पुढे बसवा. मागून त्यांना काही दिसत नाही. मुलं ही गाणी मोठ्यांपेक्षा लवकर उचलतात. तान्हं रडलं तर रडू द्या.

रविवारच्या उपासनेऐवजी हे चालेल?

नाही. प्रभूभोजन, शिकवण, मंडळीतलं एकमेकांचं सुखदुःख यांची जागा ही प्रार्थना घेत नाही.

घरी एकट्याने करता येईल?

येईल, पण गाणं एकट्याला थोडं पोरकं वाटतं. घरी वाचनावर भर द्या. बाराव्या शतकात गीगो नावाच्या, कार्थुसियन या मठवासी संघातल्या संन्याशाने चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं देवाच्या सान्निध्यात राहणं. चार-पाच ओव्या सावकाश, शक्यतो मोठ्याने वाचा. जिथे मन थांबेल तिथे थांबा, उतारा पुरा करायची घाई नको. पंधरा मिनिटं, ठरलेल्या वेळी.

आम्हाला आमच्या मंडळीत सुरू करायचं आहे.

पाळकांशी आधी बोला. मग चार माणसं गोळा करा आणि पाचच गाणी नीट बसवा. दर वेळी नवीन गाणी आणण्याचा मोह टाळा. लोकांना ती पाठ झाल्यावरच प्रार्थना सुरू होते. गाणं उचलणारा एक जण ठरलेला असावा आणि किती आवर्तनं घ्यायची हे त्याने मनाशी मोजू नये. आवाज एकजीव होऊन मग आपोआप ओसरू लागतात, तेव्हा थांबावं. पहिले काही महिने आम्ही हे चुकत होतो: सात वेळा झालं की बंद. लोक नुकतेच आत शिरत आणि गाणं संपे.

उजेड कमी ठेवा, पण वाचणाऱ्याला अक्षर दिसेल इतका असू द्या. खुर्च्या गोलात मांडू नका, माणसं एकमेकांची तोंडं बघत बसतात. ज्यांना खाली बसायचंय त्यांच्यासाठी सतरंजी, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी मागे खुर्च्या. मध्यस्थीच्या प्रार्थना दोन-दोन वाक्यांच्या लिहून आणा, त्यांतून उपदेश करू नका. फोन दारातच बंद. पहिल्या वेळी सहा जण आले तर सहा जणांसाठी करा, आणि पुढच्या महिन्यात त्याच दिवशी, त्याच वेळी पुन्हा करा.

शेवटी निघायचं कधी?

समारोपाची प्रार्थना झाली की उपासना संपलेली असते, पण गाणी चालू राहतात. ज्याला घाई आहे तो आवाज न करता उठून जातो. बाकीचे हवं तेवढा वेळ बसतात. शेवटी राहणाऱ्याने मेणबत्त्या विझवून दार ओढून घ्यायचं.